मदत हवी आहे : ट्राय-कॅच लावूनही लूप थांबत नाही

नवशिका_जावा : जावामध्ये पूर्णांक मागणाऱ्या लूपमध्ये मी ट्राय-कॅच (चूक आली तर ती पकडून हाताळणारा कोड) लिहिले आहे. आकड्याऐवजी अक्षर दिले की "चुकीची नोंद, पुन्हा द्या" हा संदेश अखंड छापला जातो आणि मला काही टाइप करण्याची संधीच मिळत नाही. काम आजच सादर करायचे असल्याने कृपया लवकर सांगावे.

अर्धविराम : कोड कोठे आहे? इनपुट कशाने वाचता आणि कॅचमध्ये काय पकडता, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

सदाशंकित : नलपॉइंटरएक्सेप्शन (नल, म्हणजे रिकामे, व्हेरिएबल वापरल्याने येणारी त्रुटी) असणार. कोणते व्हेरिएबल नल होते हे सांगणारा सविस्तर संदेश जावा १५ पासून आपोआप मिळतो, तेव्हा आधी आवृत्ती बदला.

नवशिका_जावा : नलचा येथे संबंधच नाही. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनरचे नेक्स्टइंट (पुढचा पूर्णांक वाचणारी मेथड) वापरले आहे. कॅचमध्ये नुसते 'एक्सेप्शन' (म्हणजे कोणतीही त्रुटी) लिहून संदेश छापतो.

अर्धविराम : हे आधीच सांगायला हवे होते. अक्षर आले की नेक्स्टइंट इनपुटमिसमॅचएक्सेप्शन फेकते, परंतु ते अक्षर उचलत नाही, त्यामुळे लूपच्या पुढच्या फेरीतही तेच अक्षर समोर उभे राहते. कॅचमध्ये नेक्स्टलाइन (उरलेली ओळ वाचणारी मेथड) बोलावून ती ओळ टाकून द्या. शिवाय सरसकट 'एक्सेप्शन' पकडू नका. त्याच ट्रायमध्ये उद्या पूर्णांकाला शून्याने भागले, तर अ‍ॅरिथमेटिकएक्सेप्शन येऊनही तुम्हाला "चुकीची नोंद" एवढेच दिसेल.

जुना_जावेकर : मुळात स्कॅनर हवाच कशाला? बफर्डरीडरने पूर्ण ओळ वाचून ती मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या पार्सइंटला द्यावी. आकडा नसल्यास नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येते, पण ओळ आधीच वाचून झालेली असल्याने ती पुन्हा आडवी येत नाही.

अर्धविराम : तेच स्कॅनरच्या नेक्स्टलाइननेही साधते. बफर्डरीडरसोबत येणारी आयओएक्सेप्शनची (वाचन-लेखनातील त्रुटीची) सक्तीची हाताळणी नवशिक्याच्या गळ्यात कशासाठी?

जुना_जावेकर : ती सक्ती आहे म्हणूनच माणूस शिकतो.

अर्धविराम : बहुतेक जण रिकामा कॅच लिहायला शिकतात, असा माझा अनुभव आहे.

नवशिका_जावा : नेक्स्टलाइन घातल्यावर लूप सुरळीत चालला. मात्र हा लूप असलेली मेथड दुसऱ्यांदा बोलावल्यावर नोसचएलिमेंटएक्सेप्शन (वाचायला काही नसल्याची त्रुटी) येते.

अर्धविराम : मेथडच्या शेवटी स्कॅनर क्लोज करता का? तसे केल्यास त्यामागचे सिस्टिम-इनही (प्रोग्रामला इनपुट पुरवणारा मूळ प्रवाह) बंद होते आणि नवा स्कॅनर तयार केला तरी त्याला वाचायला काही उरत नाही. मेनमध्ये (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडमध्ये) एकच स्कॅनर तयार करा, तो मेथडला पॅरामीटर म्हणून द्या आणि मेथडमधील क्लोज काढून टाका.