नोटीस न देता नोकरी सोडली. चुकलं का?

शनिवारची_सुट्टी
करारात तीन महिन्यांची नोटीस. मी सोमवारी सकाळी राजीनाम्याचा मेल टाकला, लॅपटॉप आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि निघालो. दोन महिन्यांचा पगार थकलाय. तरी मित्र म्हणतात, "सही केली होतीस ना?" मला काही अपराधी वाटत नाही.

मोगरी
वाटू नयेच. करार आधी त्यांनी मोडला. फक्त पगार थकल्याचं कारण राजीनाम्यात लिहिलंत ना? नाहीतर नुसते पळून गेलात असं दिसेल.

जुना_हिशोब
माझं मत उलट आहे. आमच्याकडची एकजण अशीच गेली. महिनाअखेरची बिलं तिच्या एक्सेलमध्ये आणि फाइलचा पासवर्ड तिच्या डोक्यात. तीन रात्री मी जुन्या मेलमधून एकेक आकडा शोधत बसलो. मालक घरी झोपला होता. चिडलात मालकावर, भोगलं शेजारच्या टेबलानं.

शनिवारची_सुट्टी
हे लागलं. माझ्या जागी बसवलेल्या मुलीचे दोन फोन आले, मी एकच उचलला.

जुना_हिशोब
मग दुसरा आजच लावा.

तळटीप
कंपनीनं "कोर्टात खेचू" अशी धमकी दिली तरी फार घाबरू नका. १८५२ साली लंडनमध्ये लम्ली विरुद्ध वॅग्नर खटला झाला. योहाना वॅग्नर ही गायिका एका नाट्यगृहाचा करार मोडून दुसरीकडे जास्त पैशांवर गायला निघाली होती. कोर्टानं तिला दुसरीकडे गायला मनाई केली, पण "इथे गाच" असा हुकूम आपण देऊ शकत नाही हेही सांगितलं. म्हणजे बळजबरीनं कामाला बसवत नाहीत, मागितली तर भरपाई मागतात. खरी अडवणूक होते ती रिलीव्हिंग लेटरला, म्हणजे जुन्या कंपनीनं कामातून मोकळं केल्याच्या पत्राला. नवीन कंपनीचा एचआर पहिलं तेच मागतो.

मोगरी
आणि कंपनी काढते तेव्हा? दुपारी मीटिंग, संध्याकाळी लॉगिन बंद. तेव्हा कुठे जातो हँडओव्हर?

जुना_हिशोब
सगळ्याच कंपन्या देतात असं नाही, पण बऱ्याच जणी निदान नोटीसचा पगार हातावर ठेवतात. यांनी ठेवला का?

शनिवारची_सुट्टी
तीनपैकी दोन महिन्यांचा त्यांच्याकडेच आहे. उरलेल्या एकाचं बोलू.