मदत हवी आहे: टाके घातल्यावर पहिल्याच ओळीत दोरा लांबत जातो

कोरीपाटी
दोन सुयांवरचं विणकाम नव्याने शिकते आहे. सुरुवातीचे टाके सुईवर घालता येतात. पण पहिली ओळ विणायला घेतली की दोन सुयांच्या मधला दोरा टाक्यागणिक लांबत जातो. ओळ संपेपर्यंत मोठा झोळ पडतो. आणि काही टाके इतके घट्ट, की दुसऱ्या सुईचं टोक आत शिरत नाही. उसवलं, पुन्हा घातले, पुन्हा तेच.

अंगठ्याची पद्धत वापरते आहे. सुई १० नंबर. मफलर करायचा आहे. नेमकं काय करायचं ते थेट शब्दांत सांगा. व्हिडिओचे दुवे नकोत, भरपूर बघून झालेत. आज रात्री सुरुवात करायचीच आहे.

लोकरवेडी
लोकर कुठली? जाडी किती, गुळगुळीत की केसाळ? रंग कोणता? किती टाके घातलेत? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

रंग मुद्दाम विचारते आहे. काळी, गर्द निळी किंवा केसाळ लोकर शिकताना घेऊच नये. टाक्याचा पुढचा पाय आणि मागचा पाय (कडीच्या सुईपुढची आणि सुईमागची बाजू) वेगळे दिसत नाहीत, मग सुई कुठे घालायची हेच कळत नाही. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या.

रिकामा_वेळ
१० नंबर म्हणजे कुठला १०? जुन्या ब्रिटिश मापात १० नंबरची सुई ३.२५ मिमी असते. अमेरिकन मापात १० नंबर म्हणजे ६ मिमी, जवळपास दुप्पट जाड. शिवाय दोन्ही मापं उलट्या दिशांनी चालतात. ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन मापात जाड होते. इथल्या चर्चांच्या धाग्यांत लोक नुसता नंबर लिहितात आणि सल्ला देणारा भलतीच सुई धरून बसतो. कृपया मिमी सांगा.

उलटसुलट
अंगठ्याचा नाद सोडा. विणून टाके घालायला शिका. डाव्या सुईवर सरकफासाची एक गाठ. त्यात उजवी सुई घालून दोऱ्याचा वेढा घ्या आणि नवा टाका ओढून काढा, पण जुना टाका डाव्या सुईवरून उतरवू नका. नवा टाका जरा फिरवून डाव्या सुईवर चढवा. झाले दोन टाके. असंच पुढे. टाके घालता घालता सुलट टाकाही, म्हणजे विणकामातला साधा टाका, हातात बसतो, दोन गोष्टी एकदम शिकून होतात. मी नव्या माणसाला दुसरं काही शिकवतच नाही.

दोन_सुया
@कोरीपाटी, टाके घालायला सुरुवात करताना गाठीपासून दोऱ्याचं शेपूट किती ठेवतेस? आणि अंगठ्यावर कुठला दोरा घेतेस, शेपटाचा की गुंड्याकडचा? एवढं सांग, मग बोलू.

शांत_दुपार
मफलर करताय तर एक सांगून ठेवते. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट (ज्या टाक्याची गाठ समोर येते तो) असं विणू नका, दोन्ही कडा आत वळतात आणि मफलरची नळी होते. इस्त्रीनेही फार काळ सरळ राहत नाही. सगळ्या ओळी सुलट विणा, नाहीतर एक टाका सुलट, एक उलट अशी लवचीक वीण घ्या.

कोरीपाटी
@शांत_दुपार, धन्यवाद, पण मी अजून पहिल्या ओळीतच आहे.

लोकर डीके, म्हणजे मध्यम जाडीची, गुळगुळीत, गडद निळी. दुसरी आणणार नाही, ज्याच्यासाठी करते आहे त्याला हाच रंग हवा आहे. ४० टाके. सुईवर फक्त १० लिहिलेलं आहे.

@दोन_सुया, शेपूट चार बोटं ठेवते, नंतर काठात लपवण्यापुरतं. अंगठ्यावर गुंड्याचाच दोरा घेते, एक वेढा द्यायचा, सुई खालून आत घालायची, ओढायचं, झाला टाका. शेपटाचा टाक्यांशी काय संबंध?

दोन_सुया
तोच तर सगळा संबंध आहे.

अंगठ्याची पद्धत या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. तू करतेस तो एकेरी फास. गुंड्याच्या दोऱ्याचा एक पीळ घेऊन सुईवर चढवलेला, बस्स. त्या टाक्याच्या बुडाशी त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. पहिल्या ओळीत तू एक टाका विणतेस तेव्हा दोरा थोडा ताणला जातो. तो ताण शेजारच्या फासातून दोरा ओढून घेतो, तो फास सैल होतो, मधला दोरा लांबतो. पुढच्या टाक्याला आणखी थोडा. अशी ढील गोळा होत होत ओळीच्या टोकाला जाते. तू कितीही काळजीने विणलंस तरी हे थोडंफार होणारच, ती त्या फासाची रचना आहे. झोळ पडू नये म्हणून फास आवळले की मग सुई शिरत नाही. तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

दुसरी पद्धत लांब शेपटाची. तिथे अंगठ्यावर शेपटाचा दोरा असतो आणि त्या फासातून गुंड्याचा दोरा टाका म्हणून बाहेर ओढला जातो. म्हणजे प्रत्येक टाक्याच्या बुडाला शेपटाचा एक फास बसतो आणि टाका जागचा हलत नाही. तीच शिक.

उलटसुलट
नवशिक्या मुलीला लांब शेपटाची पद्धत? शेपटाचा अंदाज चुकला की ३५व्या टाक्याला दोरा संपतो आणि सगळं उसवावं लागतं. विणून टाके घातले तर शेपटाची भानगडच नाही. हवे तितके घाला, कधीही वाढवा.

दोन_सुया
तुमची पद्धत बाद आहे असं मी म्हटलेलं नाही. विणाईच्या मध्येच एका बाजूला टाके वाढवायचे असतील तर मीही तीच वापरते. पण सुरुवातीच्या काठाला ती बऱ्याच हातांत ढगळ पडते, काठावर भोकं दिसतात. टाक्यात सुई घालण्याऐवजी शेवटच्या दोन टाक्यांच्या मधून घातली तर काठ दोरखंडी आणि भक्कम होतो, पण मग तो ताणला जात नाही. टोपी, मोजा, स्वेटरचा घेर, कुठेही ताण लागला की अडचण. लांब शेपटाचा काठ ताणला जातो आणि परत जागेवर येतो. एक पद्धत नीट शिकायची तर ती शिकावी जी पुढे दहा ठिकाणी चालेल.

अंदाजाचं म्हणाल तर सुईवर लोकरीचे १० वेढे घ्या. तेवढा दोरा साधारण १० टाक्यांना लागतो. ४० टाक्यांना त्याच्या चौपट आणि वर एक वीत.

लोकरवेडी
किंवा काठाच्या रुंदीच्या तिप्पट. डीके लोकरीचे ४ मिमी सुईवर १० सेंमीत साधारण २२ टाके बसतात, म्हणजे ४० टाके झाले १८ सेंमी. तिप्पट ५४, अधिक लपवायला थोडं. ७० सेंमी ठेवा, हात ढिला असेल तर ८०.

अंदाजच नको असेल तर दोन गुंड्यांची टोकं एकत्र गाठ मारून घ्या. एका गुंड्याचा दोरा शेपूट म्हणून, दुसऱ्याचा टाक्यांसाठी. मग दोरा संपण्याचा प्रश्नच नाही. ती गाठ टाका म्हणून मोजायची नाही. शेवटी दोन टोकं जास्त लपवावी लागतात एवढंच.

आणि टाके घट्ट होतात त्यावर सोपा उपाय, टाके घालताना दोन सुया एकत्र धरा. घालून झाले की एक ओढून काढा.

दोन_सुया
हा उपाय मला पटत नाही, आणि तो इतका पसरलाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोन सुया धरल्या की सुईवरची कडी मोठी होते. पण काठ घट्ट असतो तो टाक्यांच्या मध्ये, खाली, जिथे शेपटाचा दोरा एका टाक्याकडून दुसऱ्याकडे जातो. तिथे काहीच बदलत नाही. मग वर ढगळ टाके आणि खाली आवळलेला काठ, असं बेढब दिसतं. टाके एकाच सुईवर घाला, फक्त दोन टाक्यांत थोडी जागा सोडा. शेवटच्या टाक्यावर उजव्या हाताची तर्जनी टेकवून ठेवली की नवा टाका त्याला जाऊन चिकटत नाही.

लोकरवेडी
माझे काठ तसे बेढब दिसत नाहीत. दोन सुया नकोत तर दोन माप जाड एक सुई घ्या, माझं म्हणणं तेच राहील.

डावरा
मी डावखुरा आहे. हे सगळं मी आरशातल्यासारखं उलटं करायचं का? शिकायचं कधीपासून मनात आहे.

खिडकीपाशी
मफलरला क्रोशाच्या सुईने टाके घाला असं माझं मत आहे. क्रोशाने विणकामाच्या सुईभोवती साखळी घालत जायची, प्रत्येक साखळीला सुईवर एक टाका पडतो. याने जो काठ होतो तो शेवटी टाके बंद केल्यावर दिसणाऱ्या साखळीसारखाच दिसतो. मफलरची दोन्ही टोकं सतत समोर असतात, ती जुळलेली दिसली पाहिजेत.

उलटसुलट
आता क्रोशाही शिकायचा का तिने आज रात्रीत?

खिडकीपाशी
नुसती साखळी घालायची आहे, अख्खा क्रोशा नाही. दोन्ही टोकं जुळणं हे मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून लिहिलं.

कोरीपाटी
भांडू नका, कृपया. मी लांब शेपटाची करून बघते. पण हात कसे धरायचे ते कुणी लिहिलंच नाही.

दोन_सुया
लिहिते. सुई उजव्या हातात, तिच्यावर सरकफासाची गाठ, ती पहिला टाका. दोन्ही दोरे खाली लोंबतील. त्यांच्या मधून डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी घाल आणि दोन्ही ताण, बेचकीसारखा आकार होईल. शेपूट अंगठ्यावर, गुंड्याचा दोरा तर्जनीवर. उरलेल्या तीन बोटांनी दोन्ही दोरे तळव्यात धर.

आता सुई जरा खाली घे, म्हणजे अंगठ्याभोवती एक कडी दिसेल. सुईचं टोक त्या कडीत बाहेरच्या दोऱ्याखालून वर घाल. तसंच पुढे नेऊन तर्जनीवरच्या दोऱ्याला वरून पकड. तो दोरा घेऊन अंगठ्याच्या कडीतून परत खाली ये. अंगठा सोड, आणि त्याच अंगठ्याने शेपूट हलकेच मागे ओढ. टाका सुईवर बसेपर्यंतच, आवळायचा नाही. बसला की सुई मागेपुढे सहज सरकली पाहिजे.

रिकामा_वेळ
तर्जनीवर दोरा घेणं ज्यांना जमत नाही त्यांनी शेपूट अंगठ्यावर ठेवून गुंड्याचा दोरा उजव्या हाताने सुईवर गुंडाळला तरी चालतं. काठ हुबेहूब तोच येतो. दोन पद्धती म्हणून लोक वाद घालतात, पण टाका एकच आहे. @दोन_सुया, बरोबर ना?

आणि माझा प्रश्न तसाच आहे. सुई पट्टीवर आडवी ठेवून जाडी बघा.

दोन_सुया
बरोबर. हाताला जे रुचेल ते करावं.

@डावरा, लगेच उलटं करू नका. या पद्धतीत डावा हातच जास्त काम करतो, आणि पुढे विणतानाही दोन्ही हात लागतात. आधी जसं लिहिलंय तसं करून बघा. हात अजिबात वळला नाही तरच सगळं उलटवा. नमुने उजव्या हाताचे लिहिलेले असतात, उलटं विणलंत की प्रत्येक नमुना मनात फिरवत बसावं लागेल.

कोरीपाटी
जमलं. ४० टाके घातले, पहिली ओळ विणली, झोळ नाही. काठ सरळ आहे.

सुई ३ मिमीच्या किंचित वर दिसते.

अजून दोन प्रश्न. टाके घालून झाल्यावर शेपूट आणि गुंड्याचा दोरा शेजारी शेजारी लोंबतात, विणताना हाताला कुठला येतो ते कळत नाही. आणि पहिल्या ओळीनंतर एका बाजूला गाठीगाठी दिसतात, दुसऱ्या बाजूला नाहीत. हे असंच असतं का?

रिकामा_वेळ
म्हणजे ३.२५, ब्रिटिश १०. डीके लोकरीला बारीक आहे, हाताला घट्ट लागणारच. ८ नंबर घ्या, ती ४ मिमी असते. काम याच सुईवर पुढे नेलंत तर मफलर कडक होईल.

लोकरवेडी
शेपटाची छोटी जुडी करून स्वतःभोवतीच बांधून टाका, किंवा टोकाला एक सेफ्टी पिन अडकवा. चुकून शेपटाने विणायला घेतलं तर पाचसहा टाक्यांत दोरा संपतो.

दोन_सुया
गाठी दिसतात ते असंच असतं. या पद्धतीत टाके घालतानाच समोरच्या बाजूने सुलट विणलेली एक ओळ तयार होते. मग पलटून पहिली ओळ सुलट विणलीस की तिच्या गाठी समोर येतात. तू सगळ्या ओळी सुलट विणणार असशील तर दोन्ही बाजू पुढे सारख्याच दिसतील, लक्ष देऊ नकोस. पुढे कधी सुलट-उलट ओळींचं काही केलंस आणि समोरची बाजू काठापासून गुळगुळीत हवी असली, तर टाके घातल्यावरची पहिली ओळ उलट टाक्यांची घे.

आणि ८ नंबर सुई मिळेपर्यंत थांब. चाळीसच टाके आहेत, नव्या सुईवर पुन्हा घाल.

शांत_दुपार
सगळ्या सुलट ओळी विणणार असाल तर प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उजव्या सुईवर सरकवा. बाजूची कड साखळीसारखी सुरेख येते.

उलटसुलट
सरकवताना दोरा पुढे घ्यायचा की मागे तेही सांगा, नाहीतर उद्या नवा धागा निघेल.

शांत_दुपार
दोरा पुढे ठेवून, उलट टाका विणताना सुई घालतो तशी घालून सरकवायचा. मग दोरा दोन सुयांच्या मधून मागे न्यायचा आणि पुढचे सगळे टाके सुलट.