मदत हवी आहे: ड्रायवॉलचा पॅच घासूनही दिसतोय

नेवाळी: न्यू जर्सी. दाराच्या मुठीने ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डाच्या) भिंतीला पडलेलं भोक जाळीचा पॅच लावून बुजवलं. मड (ड्रायवॉलचा भराव, जॉइंट कंपाउंड) लावला, वाळल्यावर घासला, रंग दिला. दिवा लावला की तेवढीच जागा फुगीर दिसते. आणखी घासलं की जाळीचे धागे वर येतात. भाड्याचं घर आहे, शनिवारी किल्ल्या परत द्यायच्यात. किती नंबरचा पॉलिश पेपर घेऊ एवढंच सांगा प्लीज.

रंधा: भोक केवढं? मड डब्यातला तयार की पावडर कालवलेली? प्रायमर मारला का?

कोथरूडकर: आमच्याकडे पेंटर पुट्टीचे दोन हात देऊन पॉलिश पेपर मारतो, विषय संपला. तिकडे पुठ्ठ्याच्या भिंती बांधतातच कशाला?

रंधा: पुठ्ठा नाही हो, दोन कागदांच्या मधे जिप्सम असतं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी इथे काय कामाची?

आजोळ: ओल्या स्पंजाने घासा. धूळ अजिबात उडत नाही. घरात लहान मूल असल्याने आम्ही तेच करतो.

रंधा: पावडरवाला मड असेल तर ओल्या स्पंजाने ढिम्म हलणार नाही. म्हणूनच विचारलं.

नेवाळी: तयार मड, हिरव्या झाकणाचा. भोक चार इंच. कागदामागे ८० लिहिलंय. प्रायमर वेगळा नाही, रंगाच्या डब्यावर 'पेंट अँड प्रायमर' आहे.

रंधा: मग हे घासून सुटणार नाही. जाळी भिंतीच्या वर चिकटते, घासून ती खाली कशी जाईल? मड चहूबाजूंनी लांब ओढायचा, सव्वा फुटापर्यंत, म्हणजे चढ डोळ्याला कळत नाही. बारा इंची टेपिंग नाइफ (मड ओढायची रुंद पात्याची पट्टी) घ्या. पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओला मड करडा दिसतो, वाळला की पांढराफटक. मग १५० चा कागद, फक्त कडांवर, हलक्या हाताने. टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा उजेड पाडा, प्रत्येक खळगा दिसेल. शेवटी पीव्हीए प्रायमर (ड्रायवॉलसाठीचा अस्तराचा हात), नाहीतर मड रंग शोषतो आणि चकाकी वेगळी दिसते.

खाडीपलीकडे: थांबा! घर कधीचं आहे? १९७८ च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्या काळच्या मडमध्ये ॲस्बेस्टॉस. हे आधी विचारायला हवं होतं.

नेवाळी: १९६० च्या आसपासचं. लीजबरोबर शिशाचं पत्रक दिलं होतं खरं.

खाडीपलीकडे: मग कोरडं घासणं आत्ता बंद. ८० च्या कागदाची धूळ ओल्या फडक्याने टिपा, झाडू फिरवू नका. पी१०० फिल्टरचा (सगळ्यात बारीक धूळ अडवणारा) मास्क लावा. जुन्या रंगाला कागद लावायचाच नाही, नवीन मड तेवढा ओल्या स्पंजाने.

रंधा: बरोबर. या घराला आजोळ यांचाच उपाय. तयार मड आहे, पाण्याने सुटेल.

आजोळ: आणि न्यू जर्सीत डिपॉझिट ३० दिवसांत परत द्यावं लागतं, कापलं तर हिशेबासकट. लेखी मागा.

नेवाळी: डिपॉझिटचं नंतर बघतो. घरात सहा इंची नाइफ आहे, चालेल?

रंधा: नाही. बाराच आणा.