सेस्तो सान जोव्हान्नी: नुसतं उपनगर नव्हे, पोलादाचं गाव

इटलीत मिलानला लागून असलेल्या सेस्तोला काही जण ‘मिलानचं झोपायचं उपनगर’, म्हणजे लोक फक्त राहायला येतात असं गाव, म्हणतात; ते पटत नाही. १८४० साली मिलान-मोन्झा रेल्वे इथून गेली, १८८२ मध्ये गोथार्ड बोगदा उघडला आणि आल्प्सपलीकडचा माल थेट इथे उतरू लागला. जमीनही स्वस्त होती. म्हणून १९०३ पासून इथे कारखाने आले: आधी रेल्वे इंजिनं बनवणारी ब्रेडा, मग पोलादाची फाल्क आणि विजेच्या यंत्रांची मारेल्ली.

वस्त्या त्या कारखान्यांभोवतीच वाढल्या. कामगारांची घरं अजून उभी असलेलं ‘व्हिलाज्जो फाल्क’ जरूर पाहा. मार्च १९४४ च्या संपानंतर इथल्या कितीतरी कामगारांना नाझी छळछावण्यांत पाठवलं गेलं. त्यांचं स्मारक शेजारच्या पार्को नॉर्द या उद्यानात आहे. हे न पाहता सेस्तो समजत नाही.

मिलानहून जायला एम-१ ची लाल मेट्रो. तिकीट एमआय१-एमआय३ झोनचं घ्या. नावांत गोंधळ होतो: सेस्तो मारेल्ली, सेस्तो रोंदो आणि सेस्तो प्रीमो माज्जो ही तीन वेगवेगळी स्टेशनं आहेत. मोठी रेल्वे फक्त शेवटच्यावर मिळते. ब्रेडाची अजस्र लोखंडी क्रेन, ‘कार्रोपोन्ते’, आता खुल्या आकाशाखालच्या मैफिलींची जागा झाली आहे. फाल्कच्या भट्ट्या १९९६ मध्ये विझल्या. त्या प्रचंड रिकाम्या जमिनीचा पुनर्विकास अजून रेंगाळतोय, कारण आधी माती शुद्ध करावी लागते.