छोट्या चित्रपट महोत्सवात अंध, कर्णबधिर आणि व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांची सोय कशी करावी?

कृष्णाकाठ
आमच्या फिल्म सोसायटीचा तीन दिवसांचा महोत्सव जानेवारीत आहे. नगरपालिकेचं नाट्यगृह, ३२० खुर्च्या, एकच पडदा. ११ चित्रपट, त्यातले सहा मराठी. सगळ्यांना इंग्रजी सबटायटल्स आहेतच. दारात तीन पायऱ्या आहेत. बजेट ६० हजार. रॅम्पपासून सुरुवात करू की ऑडिओ डिस्क्रिप्शनपासून (अंध प्रेक्षकांना पडद्यावर काय घडतंय ते सांगणारं वर्णन)?

अनुस्वार
"सबटायटल्स आहेतच" इथेच गफलत आहे. मराठी चित्रपटाखालची इंग्रजी सबटायटल्स ही मराठी न समजणाऱ्यांसाठी असतात. मराठी माध्यमाच्या कर्णबधिर शाळेत शिकलेल्या प्रेक्षकाला त्यांचा काही उपयोग नाही. त्याला मराठी कॅप्शन हवं. त्यात पडद्याबाहेरून कोण बोलतंय त्याचं नाव हवं आणि [दारावर थाप], [लांबून ढोलाचा आवाज] असे ध्वनीही हवेत. "संगीत" एवढंच लिहून भागत नाही, संगीत कसलं ते लिहा.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५-४० अक्षरं, किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात. कॅप्शनची एसआरटी फाईल (वेळ आणि मजकूर असलेली साधी फाईल) यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच सेव्ह करा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं दिसतील. काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात, म्हणून नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हा फाँट वापरून कॅप्शन चित्रातच पक्कं करून घ्या. आणखी एक नेहमीचा घोळ फ्रेमरेटचा. कॅप्शन सेकंदाला २४ फ्रेमच्या प्रतीवरून केलं आणि दाखवायची प्रत २५ ची निघाली, तर १०० मिनिटांच्या शेवटी चार मिनिटांचा फरक पडतो. नुसतं पहिलं मिनिट बघून हे नीटसं कळत नाही, शेवटची पाच मिनिटं बघा.

चित्रपटानंतरच्या चर्चेसाठी भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन घ्या, १५-२० मिनिटांनी आलटूनपालटून. त्यांना वक्त्याच्या शेजारी उभं करा आणि हॉल काळोखा असला तरी त्यांच्यावर दिवा ठेवा. पाहुण्यांची आणि चित्रपटांची नावं आदल्या दिवशी लिहून द्या.

खरखर
ऑडिओ डिस्क्रिप्शनबद्दल. आधी निर्मात्यांना विचारा. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या मार्च २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर नव्या चित्रपटांचा असा ट्रॅक तयार असण्याची शक्यता वाढली आहे. डीसीपीमध्ये (थिएटरच्या प्रोजेक्टरसाठी बनवलेली चित्रपटाची डिजिटल प्रत) तो बहुधा आठव्या चॅनलवर असतो. सातव्यावर कमी ऐकू येणाऱ्यांसाठी संवाद उठवलेला आवाज असतो. ऑपरेटरला हे दोन्ही बाहेर काढता येतात का, ते आजच विचारा.

ट्रॅक नसेल तर संहिता लिहून वर्णनकाराने थेट वाचावी. मराठीत सेकंदाला दोनच शब्द धरा, म्हणजे चार सेकंदांच्या शांततेत आठ. संवादावर बोलायचं नाही. "ती दुःखी आहे" असं न सांगता "ती ताट बाजूला सारते" असं सांगायचं. परदेशी चित्रपटात वर्णनासोबत सबटायटल्सही वाचावी लागतात. त्यासाठी दुसरा आवाज घ्या, नाहीतर संवाद कुठला आणि वर्णन कुठलं ते कळत नाही.

ऐकवायला टूर गाइड सेट भाड्याने घ्या: एक ट्रान्समीटर, हवे तेवढे रिसीव्हर, वर दहात एक जादा. एफएम ट्रान्समीटरला परवाना लागतो, त्या वाटेला जाऊ नका. सेट २.४ गिगाहर्ट्‌झचा असेल तर माणसांची शरीरंच सिग्नल खातात. अँटेना डोक्यांच्या वर लावा आणि हॉलचं वायफाय बंद ठेवा. रिसीव्हरमध्ये फक्त वर्णन सोडा, चित्रपटाचा आवाज नको. एक कान मोकळा ठेवून तो हॉलमधूनच ऐकायचा असतो. वर्णनाचा माइक मिक्सरच्या मास्टरवर गेला तर सगळं सभागृह वर्णन ऐकतं, आणि हे सर्रास होतं.

उतार
पायऱ्या १५० मिमीच्या असतील तर चढ ४५० मिमी. १:१२ उताराने रॅम्प ५.४ मीटर लांब होईल, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. मांडववाला प्लायवूडचा करून देईल. रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून पट्टी. वर जाजम अंथरू नका, चाकं रुततात. "चार पोरं उचलून नेतील" हा रॅम्पला पर्याय नाही.

आत एका व्हीलचेअरला साधारण ९०० बाय १२०० मिमी जागा लागते. मधल्या किंवा मागच्या रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्यांचे बोल्ट काढा आणि सोबत्याची खुर्ची लगत ठेवा. पहिली रांग देऊ नका, मान मोडते. व्हीलचेअर वाटेत येत असेल तर आणखी एक रांग मोकळी करा, बाहेर पडायचा रस्ता अडवायचा नाही. आणि दिव्यांगांच्या स्वच्छतागृहातले झाडू-बादल्या आदल्या दिवशीच हलवा. ते सगळीकडे असतातच.

कृष्णाकाठ
धन्यवाद मंडळी. ११ चित्रपटांना हे सगळं पेलणार नाही. निवड कशी करू?

अनुस्वार
रोज एक खेळ, पण त्यात कॅप्शन आणि वर्णन दोन्ही. कोणता खेळ ते वेळापत्रकात स्पष्ट छापा. वेळापत्रक नुसतं पोस्टर म्हणून पाठवलंत तर टॉकबॅकला (अँड्रॉइड फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) ते नीट वाचता येत नाही. जुन्या डीटीपी फाँटमधल्या पीडीएफचंही तेच, स्क्रीन रीडर अगम्य अक्षरं वाचतो. युनिकोडमध्ये साधा मजकूर व्हॉट्सअॅपवर टाका. नोंदणीत अपंगत्वाची टक्केवारी विचारू नका, काय लागेल ते विचारा.

खरखर
एक राहिलं. कुलूपबंद डीसीपीवर तुम्हाला कॅप्शन चढवता येत नाही. ती पुरवणी निर्मात्याच्या लॅबने बनवायची असते आणि तिला वेगळी केडीएम (डीसीपीचं कुलूप उघडणारी डिजिटल चावी) लागते. जुनी चावी चालत नाही, आणि हे बहुतेक वेळा खेळाच्या सकाळी उघडकीला येतं. मागणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पाठवा.