दुःखालाही जागा देणारी रहस्यकथा आईसाठी हवी आहे

नमस्कार. रिचर्ड ऑस्मन यांची ‘द लास्ट डेव्हिल टू डाय’ (२०२३) ही कादंबरी मी नुकतीच वाचून संपवली, आणि त्याच जातीचे काही मराठीत सुचवावे, अशी विनंती करण्यासाठी लिहीत आहे.

इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहणारे चौघे, म्हणजे माजी गुप्तहेर एलिझाबेथ, निवृत्त परिचारिका जॉइस, मनोविकारतज्ज्ञ इब्राहिम आणि कामगार पुढारी रॉन, मालिकेच्या या चौथ्या भागात एका पुराणवस्तू विक्रेत्याच्या खुनाचा छडा लावतात. परंतु पुस्तक मनात घर करते ते एलिझाबेथच्या पतीच्या, स्टीफनच्या, स्मृतिभ्रंशामुळे. तो तिच्या हातून हळूहळू निसटत असताना मित्रमंडळी फारसे न बोलता तिच्याजवळ बसतात. तिकडे जॉइस आपल्या रोजनिशीत केक, कुत्रा आणि मृत्यू यांविषयी इतक्या सहजपणे लिहिते की हसता हसता डोळे भरून येतात. विनोद तिथे दुःख झाकत नाही, ते सोसण्याचे बळ देतो.

माझे वडील गेल्या वर्षी याच आजाराने गेले. आई केवळ मराठी वाचते आणि रहस्यकथा तिच्या विशेष आवडीच्या आहेत. मात्र मृत्यू हे निव्वळ कोडे मानणाऱ्या कथा तिला आता नकोशा वाटतात. म्हातारपण, मैत्री आणि वियोग यांना आदराने हाताळणारी, तरीही प्रसन्न अशी मराठी किंवा अनुवादित रहस्यकादंबरी आपण वाचली असल्यास कृपया कळवावे. मोठ्या टायपातली आवृत्ती उपलब्ध असेल तर तेही सांगावे.