रुईवरच्या पट्टेरी अळ्या मोनार्कच्या आहेत का? सोसायटीवाले झुडपं काढायला निघालेत

घोडबंदरची_वहिनी

नमस्कार मंडळी, कासारवडवलीला राहते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून रुईची झुडपं आपली आपण उगवलीत, कोणी लावली नाहीत, शनिवारी मारुतीला माळ करायला आजूबाजूच्या बायका तिथूनच पानं नेतात एवढाच काय तो त्यांचा उपयोग. तर गणपती झाल्यापासून त्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसतायत आणि बिल्डिंगमधली पोरं शाळेतून आली की दप्तर टाकून थेट तिथेच. माझी नणंद अमेरिकेत कॅन्ससला असते, ती दर सप्टेंबरात मोनार्क फुलपाखरं जाळीने पकडते, पंखावर छोटा गोल स्टिकर लावते, नंबर लिहून ठेवते आणि सोडून देते, मग ती म्हणे मेक्सिकोपर्यंत उडत जातात. तिला फोटो पाठवला तर म्हणाली अगं सेम आमच्यासारख्याच अळ्या! झालं, आता पोरांच्या डोक्यात बसलंय की आपल्याकडेही मोनार्क आलाय आणि आपणही स्टिकर लावायचे. कोणी खोक्यात पाळायच्या गोष्टी करतंय. दुसरीकडे कमिटीवाले म्हणतात रुईचा चीक पोरांच्या डोळ्यात गेला तर निस्तरणार कोण, माळ्याला सांगून मुळासकट काढा. येत्या रविवारी मीटिंग आहे. हे खरंच मोनार्क आहेत का, आणि मीटिंगमध्ये काय बोलू ते सांगा प्लीज. नुसतं 'निसर्ग वाचवा' म्हटलं तर सेक्रेटरी काका हसतील.

येऊर_पायवाट

मोनार्क नाही वहिनी. प्लेन टायगर आहे, मोनार्कच्याच घराण्यातला, त्यामुळे नणंदबाईंचं काही चुकलं नाही, फोटोत फसायला होतंच. पोरांना एक काम द्या. अळीच्या पाठीवर काळे मऊ धागे असतात शिंगांसारखे, ते मोजायला सांगा (हात न लावता). मोनार्कच्या अळीला दोन जोड्या, एक डोक्याकडे एक शेपटीकडे. प्लेन टायगरला तीन, मधे एक जास्तीची. आणि कण्हेरीवर कधी चार जोड्यांची अळी दिसली तर तो कॉमन क्रो, त्याचा कोष बघाल तर सोनाराकडून पॉलिश करून आणल्यासारखा चकचकतो.

रुईच का, तर चिकात विष असतं हृदयावर परिणाम करणारं, अळ्या ते खातात, पचवतात आणि अंगात साठवून ठेवतात, ते फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने एकदा खाल्लं की ओकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून ही मंडळी एवढी संथ, बिनधास्त उडतात. मोनार्कचंही तेच, फक्त तिकडे रुईच्या जागी मिल्कवीड, ती पण रुईच्याच कुळातली चिकाची झाडं.

आता स्टिकरचं. माझं मत, नको. पहिलं कारण म्हणजे डॅनेड एगफ्लाय नावाचं एक बिनविषारी फुलपाखरू आहे, त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, विषारी असल्याचं सोंग घेऊन पक्ष्यांना चकवते. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात (म्हणजे कडक संरक्षण असलेल्या यादीत) होतं बरीच वर्षं, त्यामुळे जाळी घेऊन दिसेल ते पकडत सुटणं बरं नाही. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात, तुमच्या त्याच कोपऱ्यात घोळ उगवली असेल बघा. दुसरं म्हणजे स्टिकर लावून शोधणार कुठे? मोनार्क हिवाळ्यात ठराविक डोंगरांवर गोळा होतात म्हणून तिकडे त्या स्टिकरला अर्थ आहे.

नेरुळनिवासी

वरच्या शेवटच्या मुद्द्यावर थोडं लिहितो, विषय माझ्या आवडीचा आहे त्यामुळे लांबेल.

मोनार्कचं नवल अंतराचं तर आहेच, कॅनडाच्या दक्षिण टोकापासून मध्य मेक्सिकोपर्यंत चार हजार किलोमीटरच्या आसपास, पण त्याहून मोठं नवल म्हणजे जाणाऱ्यातल्या एकानेही ती वाट आधी पाहिलेली नसते. उन्हाळ्यातल्या पिढ्या महिनाभर जगतात न जगतात. ऑगस्टच्या शेवटाला, दिवस लहान व्हायला लागले आणि गारवा आला की जी पिढी कोषातून निघते ती वेगळी, ती प्रजनन पुढे ढकलते, अंगात चरबी साठवते आणि आठेक महिने जगते. हीच दक्षिणेला निघते. सूर्य बघून दिशा धरते, आणि सूर्य दिवसभर सरकतो त्याचा हिशेब ठेवणारं घड्याळ तिच्या मिशांमध्ये असतं. वसंतात तीच परत फिरते, टेक्सासच्या आसपास अंडी घालून मरते, पुढचा प्रवास पोरं-नातवंडं करतात. म्हणजे शरदात पुन्हा मेक्सिकोला जाणारी ही गेल्या वर्षीच्यांची पणतवंडं.

मुक्काम म्हणजे मिचोआकान आणि मेक्सिको राज्याच्या सीमेवरचे डोंगर, तीन हजार मीटरच्या आसपास, ओयामेल नावाच्या फरच्या झाडांचं जंगल. गावातल्या लोकांना ती फुलपाखरं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे मेलेल्या माणसांचा सण असतो, नेमकी तेव्हाच येतात म्हणून पूर्वजांचे आत्मे आले म्हणतात (आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याला जो मान तोच समजा). पण ही कॅनडातून येतात हे गावाला माहीत नव्हतं आणि कॅनडातली जातात कुठे हे कॅनडाला माहीत नव्हतं. टोरंटोचे फ्रेड उर्कहार्ट आणि त्यांची बायको नोरा यांनी १९५२ ला एका मासिकातून लोकांना हाक दिली, फुलपाखरांना चिठ्ठ्या चिकटवायला मदत करा. सुरुवातीला डझनभर लोक आले, पुढे शेकडो झाले. शिक्षक, गृहिणी, शाळेतली मुलं. जानेवारी १९७५ मध्ये त्यांच्यासाठी मेक्सिकोत शोध घेणाऱ्या केन ब्रुगर आणि कातालिना आगुआदो यांना ते जंगल सापडलं. पुढच्या जानेवारीत उर्कहार्ट स्वतः डोंगर चढून गेले, दम लागला म्हणून बसले, समोर फुलपाखरांच्या वजनाने एक फांदी मोडून पडली आणि त्या ढिगात एक पांढऱ्या चिठ्ठीवालं! मिनेसोटातल्या चास्का गावच्या एका मास्तरांनी आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी आदल्या ऑगस्टला लावलेली.

कॅन्ससमध्ये १९९२ पासून मोनार्क वॉच नावाचा स्टिकर लावायचा उपक्रम आहे तिथल्या विद्यापीठात, नणंदबाई बहुतेक त्यांचेच स्टिकर लावत असतील. डोंगरावर खाली पडलेल्या फुलपाखरांमध्ये स्थानिक लोक ते स्टिकर शोधतात आणि त्यांना दर स्टिकरमागे पैसे मिळतात, ही व्यवस्था मला फार आवडली, जंगल राखणाऱ्या गावालाही त्यातून काही मिळतं. आता तर ६० मिलिग्रॅमचे सोलरवर चालणारे रेडिओ टॅगही आलेत.

बसतोय_का_लोकलला

छान माहिती. पण मी जरा वाईटपणा घेतो. सत्तर वर्षं स्टिकर लावून मोनार्क वाचला का? मेक्सिकोत हिवाळ्यात फुलपाखरांनी किती हेक्टर जंगल व्यापलंय त्यावरून मोजदाद करतात. १९९६-९७ ला १८ हेक्टर होतं, २०१३-१४ ला ०.६७ वर आलं, २०२३-२४ ला ०.९. मधे वाढतं, परत पडतं. कारण कोणाला माहीत नाही असंही नाही, मका आणि सोयाबीनची तणनाशक सहन करणारी बियाणी आली, शेतकऱ्यांनी ग्लायफोसेट बिनधास्त मारलं आणि शेतातलं मिल्कवीड साफ झालं. वर मेक्सिकोतली जंगलतोड, वर हवामान. हे सगळं मोठ्या लोकांच्या हातातलं, आणि राबणार कोण तर रविवारी सुट्टी घालवून वहिनींसारखे लोक. इथेही तेच. घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंनी टॉवर चढतायत डोंगरापर्यंत आणि आपण सोसायटीतल्या चार झुडपांवर चर्चा करतोय.

नेरुळनिवासी

@बसतोय_का_लोकलला आकडे बरोबर आहेत दादा, पण ते आले कुठून तेही बघा की. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जे मोनार्क हिवाळा काढतात ते १९९७ पासून दर थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या तिकडच्या सणाच्या) सुमाराला स्वयंसेवक मोजतात. थंडीत, पहाटे, दुर्बीण घेऊन, कारण ऊन पडलं की उडतात. २०२० ला सगळी मिळून दोन हजारही भरली नाहीत. पुढच्याच वर्षी जवळजवळ अडीच लाख. मोजलं नसतं तर एवढी घसरणही कळली नसती आणि एवढी उसळीही. डिसेंबर २०२४ ला अमेरिकेच्या सरकारने मोनार्कला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घ्यायचा प्रस्ताव आणला, तोही असल्याच वर्षानुवर्षांच्या नोंदींच्या जोरावर. तुमचा राग तणनाशकावर आहे तो योग्यच, पण कोर्टात किंवा सरकारपुढे नुसता राग घेऊन जाता येत नाही.

आणि आपल्याकडेही स्थलांतर आहे हं. दक्षिणेत ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो वगैरे मंडळी पावसाच्या तोंडावर पश्चिम घाटातून पूर्वेकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला परततात, हजारोंनी. कोइमतूरची नेचर अँड बटरफ्लाय सोसायटी त्याच्या नोंदी ठेवते, सगळे हौशी लोक. आणि परदेशवारीच बघायची असेल तर पावसाळा संपताना गच्चीवर जा, पिवळसर चतुरांचे थवे दिसतात ना, त्यातला वँडरिंग ग्लायडर मालदीववरून समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो. फ्लेमिंगोला आमच्या नेरुळात पुतळे आणि बोर्ड, या बिचाऱ्याकडे मान वर करून कोणी बघत नाही.

खारघर_मावशी

वहिनी, तुमचा खरा प्रश्न रविवारच्या मीटिंगचा आहे आणि तो सगळे विसरले 😄 मी आमच्या सोसायटीत हे भांडण करून झालेय त्यामुळे ऐका.

चिकाची भीती खोटी नाही, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरंच इजा होते, ते आधी तुम्हीच बोला म्हणजे समोरच्याचा मुद्दाच संपतो. मग म्हणा की झुडपं राहू दे, भोवती बांबूची छोटी जाळी घालू आणि बोर्ड लावू. काढायला माळी-मजुरी लागते, जाळीलाही तेवढेच पैसे लागतील, आणि रुई तशीही मुळातून परत फुटते. सेक्रेटरी काकांना निसर्गापेक्षा हे पटेल. वर मारुतीच्या माळेची पानं काढून टाकायला कोण हात वर करतंय बघा, आमच्याकडे तर एकाही आजीने करू दिला नाही.

फवारणीचं नक्की बोला. बागेत कीटकनाशक मारतात त्या दिवशी रुईची बाजू सोडून द्यायला सांगा. आमच्याकडे झुडपं वाचवली आणि पुढच्याच आठवड्यात फवारणीवाल्याने सगळ्या अळ्या मारल्या, मग काय उपयोग. ‌अळ्या पानं कुरतडणार, झुडूप भिकार दिसणार, तेही आधीच सांगून ठेवा, रुईला काही होत नाही, नवी पालवी येते.

खोक्यात पाळायचं म्हणाल तर एखादी अळी पोरांना कोष होताना बघायला ठीक, रोज ताजं पान द्यायचं, खोकं साफ ठेवायचं, फुलपाखरू निघालं की त्याच जागी सोडायचं. पण पन्नास-शंभर नको. अमेरिकेत लोकांनी प्रेमापोटी घरात ढिगाने मोनार्क वाढवले, गर्दीत एकाचा रोग सगळ्यांना लागतो, आणि २०१९ ला शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की घरात वाढलेल्या मोनार्कना दक्षिण दिशाच नीट धरता येत नाही. नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू मिळतं ना, ते झाड मूळचं अमेरिका खंडातलंच, तिकडच्या उबदार भागात लोकांनी ते हौसेने लावलं तर ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, त्यामुळे काही मोनार्क जातच नाहीत आणि पानांवर परजीवी साठत जातो. प्रेम करायचं तरी माहिती घेऊन. इथे प्लेन टायगर त्यावर अंडी घालतो, पण आपली रुई असताना विकत कशाला आणायचं.

घोडबंदरची_वहिनी

बाप रे, एवढं अपेक्षितच नव्हतं, सगळ्यांना थँक्यू! पोरांनी धागे मोजले, तीन जोड्याच आहेत, थोडे हिरमुसले पण ते चिकाचं विष साठवण्याचं ऐकून परत खूश. मास्तर आणि दोन पोरांची गोष्ट मी मीटिंगमध्ये नक्की सांगणार. आता स्टिकर नाही तर मग पोरांना काम काय देऊ? आणि त्या माळेसाठी पानं नेणाऱ्या बायकांना नाही म्हणायचं का? ते मला जमणार नाही.

येऊर_पायवाट

नाही कशाला म्हणायचं. फक्त पान तोडायच्या आधी उलटून बघायला सांगा, अंडी बहुतेक खालच्या बाजूला एकेक सुटी असतात, फिकट आणि खसखशीएवढी, तसलं पान सोडून दुसरं घ्यायचं. पोरांना एक वही द्या, आठवड्यातून एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, प्रत्येक झुडपावर किती अंडी, किती अळ्या, किती कोष, पाऊस होता का, फवारणी झाली का. शून्य असलं तरी शून्य लिहायचं, पोरं नेमकं तेच गाळतात. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका, तिथे ओळख पटवून देणारे लोक आहेत. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो त्यातही नोंदी देता येतात. आणि एखाद्या रविवारी सगळ्यांना घेऊन ओवळेकर वाडीला, म्हणजे फुलपाखरांच्या बागेत जा, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, फोन करून मगच निघा. सकाळी ऊन चढलं की जा, सातला जाऊन काही दिसत नाही, फुलपाखरांना आपल्यासारखी लोकल पकडायची नसते.